बिनशिपायाचं मशीन

आधीच सांगून ठेवते, माझं तोंड वाईट आहे. बुवापाड्यात कोणालाही विचारा. पद्मजा म्हटलं की "ती कॉम्प्युटरवाली ना?" म्हणतील, आणि पाठोपाठ म्हणतील, "जरा जपून हां, फाडकन बोलते." दोन्ही खरं आहे. अंबरनाथला बुवापाड्याच्या नाक्यावर माझा सहा फुटांचा गाळा आहे. तिथे मी लोकांची मशीनं उघडते आणि त्यांच्या थापा ऐकते. "काही नाही केलं ताई, आपोआपच बंद पडलं." अहो, आपोआप काय बंद पडतं? कोणीतरी काहीतरी केलेलंच असतं. फक्त आपण ते केलं असं त्याला वाटत नाही.

ही गोष्ट दोन हजार सहाची, उन्हाळ्यातली. एका बुधवारी संध्याकाळी इंदुमावशी गाळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. इंदुबाई आमच्याच गल्लीतल्या, एका सरकारी ऑफिसात शिपाई. वय बावन्न. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या, मग रात्रशाळेतून दहावी केली, बारावीही केली. आता त्यांचं नाव क्लार्कच्या यादीत आलं होतं. अट एकच, सरकारी कॉम्प्युटर परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट महिनाअखेरपर्यंत द्यायचं. फेब्रुवारीत त्या एकदा बसल्या होत्या, सहा मार्कांनी गेल्या. आता परत बसायचं होतं रविवारी, सकाळी नऊ वाजता, बदलापूरला शिरगावच्या सेंटरवर. रविवार हुकला की यादी बंद, आणि पुढची यादी निघेपर्यंत मावशी रिटायर.

"पद्मा, विहारातलं मशीन परत अडखळतंय गं," त्या म्हणाल्या. "धडाच चालत नाही. बाई बोलते ती तु-तु-तुम्ही करत बसते."

आमच्या बुद्ध विहारात मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. तिथे एका ऑफिसने दिलेला जुना कॉम्प्युटर होता. परीक्षेचे सगळे धडे सीडीवर, चित्रांसकट, आवाजासकट. ती सीडी एकाच मशीनवर नोंदवता येते आणि आत घातल्याशिवाय धडा उघडतच नाही. त्यामुळे माझ्या गाळ्यात बसवते म्हटलं तरी उपयोग नव्हता. शिवाय माझ्या गाळ्यातली मशीनं सगळी पोट फाडलेली. मावशी ऑफिसातून सुटून सात ते नऊ विहारात बसायच्या. तेवढाच वेळ.

"महेंद्रदादाने नवीन ड्राइव्ह टाकला ना महिन्यापूर्वी?" मी विचारलं.

"टाकला. दोन दिवस बरा चालला. परत तेच." मग मावशी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मला वाटतं माझ्या हातालाच मशीन लागत नाही. मी हात लावला की बिघडतं. फेब्रुवारीत पण तसंच झालं. माझ्याच मशीनवर ते वाळूचं घड्याळ फिरत बसलं, बाकी सगळ्यांची चालत होती."

"काहीतरीच! मशीनला काय कळतंय कोणाचा हात ते?"

"तू म्हणतेस गं. महेंद्र पण म्हणाला परवा, मावशी, जरा हळू दाबत जा म्हणून."

महेंद्र म्हणजे विहार कमिटीचा सेक्रेटरी. ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला. माणूस सरळ, पण कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. आणि न कळणाऱ्या माणसाने बावन्न वर्षांच्या बाईवर खापर फोडलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. गाळ्याचं शटर अर्धं ओढलं, स्क्रू ड्रायव्हर कमरेला खोचला आणि निघाले.

विहारात मशीन चालू केलं. सीडी घातली. धड्यातली बाई खरंच तु-तु-तुम्ही करत होती, चित्र गोठत होतं, आणि माउस पाच-पाच सेकंद हलत नव्हता. दोन मिनिटं मी नुसती बघत बसले. ड्राइव्ह नवा, सीडी स्वच्छ, मग कूर्म गतीने चाललंय कोण? डिव्हाइस मॅनेजर उघडलं. त्यात सेकंडरी चॅनल म्हणून एक ओळ असते, सीडी ड्राइव्ह त्या रस्त्याला जोडलेला असतो. तिथे आत जाऊन बघितलं तर काय! वरच्या रकान्यात लिहिलेलं, जमेल तर डीएमए. आणि खालच्या रकान्यात सध्या काय चाललंय, तर पीआयओ.

"सापडला चोर," मी म्हणाले.

"काय गं?"

मला काम करताना मोठ्याने बडबडायची सवय आहे, आणि मावशींना प्रत्येक गोष्ट समजून घ्यायची. मग मी त्यांच्याच ऑफिसातलं उदाहरण दिलं. "मावशी, तुमचे साहेब खुर्चीत बसलेत. रेकॉर्ड रूममधून फाइल हवीय. शिपाई काय करतो? फाइल आणून टेबलावर ठेवतो, साहेब आपलं दुसरं काम करत असतात. बरोबर?"

"बरोबर."

"त्याला म्हणायचं डीएमए. आता शिपाईच नाही असं समजा. साहेब स्वतः उठणार, रेकॉर्ड रूमला जाणार, एक कागद आणणार, परत जाणार, दुसरा कागद आणणार. तेवढ्यात टेबलासमोर शंभर माणसांची लाइन. हे झालं पीआयओ. तुमचं मशीन सध्या असं चाललंय. साहेबच धावतोय."

मावशी खूप वेळाने हसल्या. "म्हणजे बिनशिपायाचं ऑफिस! अगं, आमच्याकडे मी दोन दिवस रजेवर गेले की असंच होतं."

आणि लगेच त्यांनीच विचारलं, "मग शिपायाला हाकललं कोणी?"

"ते या विंडोजची खोड आहे. ड्राइव्हने सहा वेळा चुका केल्या, सहा वेळा वेळेवर उत्तर दिलं नाही, की हा रुसतो. म्हणतो, जा, तुझ्यावर भरवसा नाही, मीच करतो. आणि एकदा रुसला की सांगून ऐकत नाही. मग काय करायचं, हा चॅनलच काढून टाकायचा. असं, उजवं बटण, अनइन्स्टॉल. घाबरू नका, काही होत नाही. आता मशीन बंद करून चालू. तो परत सगळ्यांची ओळख करून घेतो, आणि शिपाई कामावर हजर."

मशीन जुनं, बंद होऊन चालू व्हायलाच पाव तास. पण चालू झालं आणि धडा असा सुटला! बाई घडाघडा बोलायला लागली. मावशींच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो बघून माझीच छाती फुगली. "आता बिनधास्त बसा," मी छाती ठोकून सांगितलं. "परत अडकलं तर माझं नाव बदला."

नाव बदलायची वेळ चोवीस तासांत आली.

गुरुवारी संध्याकाळी मावशी गाळ्यावर, तोंड पाडून. परत तु-तु-तुम्ही. मी जाऊन बघितलं, खालच्या रकान्यात पीआयओ. परत चॅनल काढला, परत चालू केला. या वेळी मावशी शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. आवक-जावकची असते तसली लांबोडकी वही. "थांब, परत दाखव. उजवं बटण, मग कुठली ओळ? तिसरी ना?" म्हणून एकेक पायरी लिहून घेत होत्या. मी चिडचिडून म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही हो मावशी, धडे करा." त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. मशीनला काय झालंय ते तरी मला कळू दे."

मी महेंद्रदादाला फोन लावला. "खरं सांगा, हे मशीन दिवसभरात कोण वापरतं?"

"कोणी नाही. अभ्यासिका सातला उघडते. मावशींशिवाय सध्या कोणीच बसत नाही."

"सकाळी?"

"सकाळी वंदनेपुरता विहार उघडतो, बाकी कुलूप. पद्मजा, मी काय म्हणतो, कमिटीत कालच बोलणं झालं. हे मशीन काढून टाकू या शनिवारी. उल्हासनगरचा भंगारवाला घेऊन जातोय. उगाच सगळ्यांना त्रास."

"रविवारी मावशींची परीक्षा आहे!"

"अगं, पण चालतच नाही ना ते त्यांच्याकडून."

त्यांच्याकडून! ऐकलंत? मी फोनवर जे बोलले ते इथे सांगत नाही. शेवटी रविवारपर्यंत मशीनला हात लावायचा नाही एवढं कबूल करून घेतलं.

शुक्रवारी दुपारी उल्हासनगरला गेले. तीन नंबर कॅम्पात होतचंद म्हणून जुन्या पार्ट्सचा सिंधी व्यापारी आहे. त्याच्या दुकानात वायरींच्या गुंत्यात त्याला शोधावा लागतो. मी त्याच्याकडे जाड केबल मागितली, ऐंशी तारांची. पातळ केबलमधून डेटा नीट जात नसेल, म्हणून चुका होत असतील, असा माझा हिशेब. त्याने केबल काढून दिली आणि कपाळावरचा चष्मा खाली घेऊन मला विचारलं, "साईं, रोज ठीक करती हो, रोज बिगड़ता है?"

"हो ना."

"रोज एक ही टाइम?"

"रोज संध्याकाळी मी येते तेव्हा बिघडलेलं असतं."

"वो तो तुम्हारे आने का टाइम है. बिगड़ने का टाइम पूछा मैंने." त्याने केबल गुंडाळून माझ्या हातात दिली. "केबल को रोज का टाइम मालूम नहीं होता. आदमी को होता है. मशीन झूठ नहीं बोलती, आदमी बोलता है."

माझंच वाक्य मला ऐकवलं म्हाताऱ्याने! रिक्षात बसून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. महेंद्रदादाने ड्राइव्ह बदलून बघितला, आता मी केबल बदलणार. सगळे पार्ट बदलत बसलो होतो, आणि विचारायचं ते विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी विहारात गेले तर अभ्यासिकेत मावशी नव्हत्या. टेबलावर त्यांचं हॉल तिकीट ठेवलेलं, वर माउस, उडू नये म्हणून. शेजारी तीच लांबोडकी वही, आणि त्यात शेवटच्या पानावर लिहिलेलं, "पद्मा, आज मी हात न लावता नुसतं चालू केलं तरी तेच. उगाच तुझा जीव खातेय. रविवारी जात नाही. हे तुझ्याकडे राहू दे."

मला सांगायला लाज नाही वाटत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं ते तेव्हा कळलं नाही. जी बाई वीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली उचलते, रात्रशाळेत पोरांच्या बाकावर बसते, ती एका डबड्यासमोर हरली? आणि ते डबडं बरं करते म्हणून मी छाती ठोकली होती.

खुर्ची ओढली आणि या वेळी केबलला हात न लावता मशीनची स्वतःची डायरी उघडली. इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात त्याला. मशीनमध्ये केव्हा काय चुकलं याची तिथे नोंद होत असते, वेळेसकट. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, पण आपण हुशार ना! लाल फुल्यांची रांग. सीडी ड्राइव्हकडून उत्तर आलं नाही, उत्तर आलं नाही, उत्तर आलं नाही. शुक्रवार, सकाळी सहा अकरा. त्याच्याखाली गुरुवार, सकाळी सहा अकरा. अजून खाली गेले. रविवार सहा बारा, शनिवार सहा अकरा, महिनाभर मागे जावं तर तेच.

सकाळी सहा अकराला मशीन चालू होतं. आणि सगळं गाव म्हणत होतं, कोणीच वापरत नाही.

चॅनल काढून घालून ड्राइव्ह परत डीएमएवर आणला, हॉल तिकीट पर्समध्ये टाकलं आणि घरी गेले. शनिवारी पहाटे साडेपाचला विहाराच्या पायरीवर बसून होते.

पावणेसहाला कौसाबाई आल्या. सत्तरीच्या, काठीवर. विहाराची किल्ली त्यांच्याकडेच. मला बघून "जय भीम गं, आज वंदनेला? बरं वाटलं," म्हणाल्या. मी मागे मागे. त्यांनी मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, आणि सरळ अभ्यासिकेत जाऊन मशीनचं बटण दाबलं. इतक्या सहज, जसा आपण पंखा लावतो. मग कपाटातून अगरबत्तीचा स्टीलचा डबा काढला. त्यात अगरबत्तीच्या पुड्यांखाली, राखेत, एक सीडी. त्यांनी ती बाहेर काढली, तिच्यावर हाऽऽ करून फुंकर घातली, आणि पदराने गोल गोल पुसली. राखेसकट. माझ्या अंगावर काटा आला, पण गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"हे कधीपासून चालतं, आजी?"

"टेप बिघडला तेव्हापासून. महेंद्रानेच दाखवलं, इथे दाबायचं. आवाज तिकडे हॉलमध्ये येतो."

हॉलमध्ये वीसेक माणसं जमली, महेंद्रदादाही होता. स्पीकरमधून बाईचा आवाज आला. काय आवाज होता! खणखणीत, एका दमात. सगळे मागून म्हणत होते. पंचशीलातलं पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याच्या मध्यावर आवाज खर्रकन अडकला. आणि मी बघत राहिले, कारण कोणीही दचकलं नाही. सगळे एकदम थांबले, हात जोडलेले, मनातल्या मनात मोजल्यासारखे. मग आवाज पुढे सरकला आणि सगळे बरोबर त्याच अक्षरापासून पुढे म्हणायला लागले. ती अडखळ सगळ्यांना पाठ झाली होती. लहान पोरांना तर वाटत असणार, शील असंच असतं.

मी घड्याळ बघितलं. सहा अकरा. मागे जाऊन रकाना उघडला. पीआयओ.

कोणी खोटं बोललं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. वंदना लावणं म्हणजे कॉम्प्युटर वापरणं, असं यांच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी महेंद्रदादाला विचारलं होतं, मशीन कोण वापरतं. त्याने खरं उत्तर दिलं होतं. माझा प्रश्नच चुकीचा होता.

वंदना संपल्यावर महेंद्रदादाला मशीनसमोर बसवून लाल फुल्या दाखवल्या. "बघा. रोज सहा अकरा. सीडीवर ओरखडे आहेत, ड्राइव्ह तिथे धडपडतो, सहा चुका झाल्या की विंडोज शिपायाला हाकलतं. मग संध्याकाळी मावशी येऊन बसतात आणि बोलणी त्या खातात."

दादाचं तोंड उतरलं. "च्यायला," एवढंच म्हणाला.

कौसाबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं असावं. त्यांनी सीडी पदरात धरली. "माझ्यामुळे झालं का गं?" त्यांचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा. "मग नको लावायला. पण ही टाकू नकोस. ही एकच आहे."

"कोणाचा आवाज आहे आजी हा?"

"माझाच," त्या म्हणाल्या. "विहाराचं उद्घाटन झालं तेव्हाचा. मग घशाचं ऑपरेशन झालं. आता म्हणता येत नाही ना मोठ्याने, म्हणून हिलाच लावते."

मी हात पुढे केला. "आजी, दुपारपर्यंत द्या. ओरखडा काढून देते. शब्द आहे माझा." बुधवारच्या शब्दाचं काय झालं ते आठवत होतं, तरी दिला. त्यांनी दोन्ही हातांनी सीडी माझ्या हातावर ठेवली.

पण आधी मावशी. पावणेसात वाजले होते, म्हणजे त्या नळावर असणार. होत्याच. हंड्यांच्या रांगेत उभ्या राहून मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, रोज सकाळी सहा अकराला तुम्ही कुठे असता?"

"हे काय विचारणं? नळावर. पाणी सहाला येतं ना."

"नक्की?"

"अगं, या सगळ्या साक्षीला आहेत. काय झालं?"

"मशीन रोज सहा अकराला बिघडतं. तुम्ही इथे असताना." पर्समधून हॉल तिकीट काढून त्यांच्या ओल्या हातात कोंबलं. "तुमच्या हातांचा काहीएक संबंध नाही. हेच हात घेऊन उद्या परीक्षेला जा, नाहीतर मी गल्लीत तमाशा करीन."

मावशी तिकिटाकडे बघत राहिल्या. हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांना भान नव्हतं. मागची बाई ओरडली तेव्हा नळ बंद केला. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी उगाच घाबरले गं इतके दिवस." एवढं म्हणाल्या आणि रडल्या. मी पण. दोघींच्या मधे पाण्याचा हंडा.

त्या दिवशी मावशी रजा टाकून सकाळी नऊपासून विहारात बसल्या. चॅनल काढायचा, मशीन चालू करायचं, हे मी केलं नाही. त्यांनीच केलं, वही न बघता. मी फक्त मागे उभी. महेंद्रदादा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, चुकलं माझं." मावशी म्हणाल्या, "चहा ठेव तिकडे, धडा चाललाय."

मी गाळ्यात कौसाबाईंची सीडी नळाखाली साबणाने धुतली, मधून बाहेर अशी पुसली, आणि माझ्या सगळ्यात चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली. चार दिवस मी वेग वेग करत डोकं फोडत होते, आणि आता ड्राइव्हचा वेग मुद्दाम उतरवून सगळ्यात कमी केला. घाई नाही राजा, वाच सावकाश. चौथ्या शीलाच्या त्या अर्ध्या मिनिटाला पाऊण तास लागला. पण आला. शब्दन् शब्द आला. नव्या दोन सीड्या काढल्या, मूळ कौसाबाईंना परत दिली आणि बजावलं, डब्यात राखेजवळ ठेवलीत तर मी आहे आणि तुम्ही आहात.

रविवारी सकाळी वंदनेला मीही गेले. मावशी पण आल्या, परीक्षेची साडी नेसून. नवी सीडी लागली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्या शीलाच्या मध्यावर सगळे सवयीने थांबले. आणि आवाज थांबला नाही! कौसाबाईंचा तो जुना खणखणीत आवाज एकटाच पुढे निघून गेला, मागे वीस माणसं तोंडं उघडी ठेवून उभी. कौसाबाईंनी डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं, आणि काठी हवेत हलवून, चला, चला पुढे, अशी खूण केली. सगळ्यांनी हसत हसत धावत जाऊन आवाजाला गाठलं. मी मागच्या खोलीत जाऊन रकाना बघून आले. डीएमए.

मावशी शिरगावला गेल्या. मी गाळा उघडला, पण कामात लक्ष नव्हतं. पालेगावच्या एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड उलटा जोडला, तो माझ्याकडे बघतच राहिला. सव्वाबाराला मावशी समोर. चेहरा बघून काही कळेना.

"बोला ना!"

"पाणी दे आधी." पाणी प्यायल्या. "पद्मा, अगं, तिथे माझ्याच मशीनवर ते वाळूचं घड्याळ परत फिरायला लागलं."

"परत?" मी काउंटरवरून पुढे वाकले.

"पेपर सीडीवरून चढवत होते. बाकीच्यांचं झटक्यात, माझंच अडखळायला लागलं. पहिला प्रश्नच तु-तु-तुम्ही करतोय. फेब्रुवारीत हेच झालं होतं गं, हेच! सुपरवायझर आला, म्हणाला, बाई, तुम्ही काय दाबलंत?"

"मग?"

"मग मी म्हणाले, सर, मी काही दाबलं नाही. सेकंडरी चॅनल बघा. पीआयओवर गेलाय. तो म्हणाला, काय? मी म्हणाले, डिव्हाइस मॅनेजर उघडा, मी सांगते. तिसरी ओळ. हां. आता काढून टाका, घाबरू नका, काही होत नाही. आता बंद करून चालू करा. आणि माझी दहा मिनिटं वाढवून द्या." मावशी जशा बोलत होत्या तसंच मी बोलते. माझाच आवाज, माझीच दादागिरी. "तो बघतच राहिला. मशीन चालू झालं आणि पेपर असा सुटला! मग मला म्हणतो, मॅडम, तुम्ही कुठे कॉम्प्युटर इंजिनिअर आहात?"

"काय म्हणालात?"

मावशींनी पिशवीतून कागद काढून माझ्या काउंटरवर ठेवला. निकाल तिथल्या तिथे देतात. शंभरपैकी एकोणऐंशी.

"म्हणाले, शिपाई आहे. शिपाई कुठे अडलाय ते शिपायाला नाही कळणार तर कोणाला कळणार?"